चौगलेबाईंची तिसरी ओळ

चोवीस वर्षं मी गारगोटीच्या शाळेत मुलींना 'मी आले' म्हणायला शिकवलं, आणि चोवीस वर्षं चौगलेबाईंनी ते मैदानावर पुसून काढलं. मी मूळचा संगमनेरकडचा, मराठीचा शिक्षक. इथं रुजू झालो त्या पहिल्याच दिवशी दहावीतली एक मुलगी दारात उभी राहून म्हणाली, "सर, मी आत येतो?" मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दोन वेण्या होत्या, रिबिनी होत्या. पोरगी नव्या मास्तराची चेष्टा करते आहे असं मला वाटलं. तेवढ्यात दुसरी उठली आणि म्हणाली, "सर, मी वही इसरलो." पुढं कळलं की या मुलखात बायका स्वतःबद्दल असंच बोलतात. मी जेवलो, मी गेलतो, मी जातो. आजीपासून नातीपर्यंत सगळ्या, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मला वाटलं. मी लाल पेन काढलं, ते आजतागायत खिशात आहे.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत मी हे गाऱ्हाणं मांडलं. खिडकीपाशी एक बाई उभ्यानं भाकरी आणि खर्डा खात होत्या. साडीचा पदर खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात बुटाच्या काळ्या नाडीत ओवलेली शिट्टी. माझं सगळं ऐकून घेतलं आणि घास गिळून म्हणाल्या, "पावणं, मी बी तसंच बोलतो. मला बी लाल पेनानं खोडणार काय?"

या किरण ज्ञानदेव चौगले, आमच्या शाळेच्या क्रीडाशिक्षिका. उंची माझ्यापेक्षा चार बोटं जास्त. आवाज मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला शिट्टीवाचून जायचा, त्यामुळे शिट्टी त्या दागिना म्हणूनच घालत असाव्यात. त्या दिवशी मला 'पावणं' म्हणाल्या ते म्हणाल्याच. पुढं माझं लग्न इथल्याच मुलीशी झालं, घर इथं बांधलं, मुलं इथं शिकली, तरी मी पावणाच राहिलो. मुलांसमोर तेवढं 'सर'. एकदा मी काकुळतीला येऊन म्हटलं, "बाई, आता तरी मला गारगोटीचा म्हणा." त्या म्हणाल्या, "तुमी आजून 'नाही' म्हणतासा. 'न्हाय' म्हणाय लागलासा की मग बगू."

बाईंना बसलेलं फारसं कुणी पाहिलं नव्हतं. बैठकीलासुद्धा त्या भिंतीला टेकून उभ्या असत. "बसलं की पायांस्नी वाटतंय, सुट्टी झाली," असं म्हणत. दर रविवारी ते कॅनव्हासचे बूट धुऊन, ओले असतानाच खडू फिरवून दोरीवर वाळत घालत. कुणी मुलगी पळताना रडायला लागली तर म्हणत, "रड की. पर पळत रड, येळ वाचतोय." एकदा एक आई तक्रार घेऊन आली की उन्हात पळून पोरगी काळवंडली, आता स्थळ कसं येणार? बाई म्हणाल्या, "उन्हानं काळवंडली न्हवं? मग पावसाळ्यात उजळंल. स्थळ पावसाळ्यात बगा." ती माउली हसत घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी पोरीबरोबर धाकटीलाही पाठवून दिलं.

सकाळी साडेपाचला त्यांचं मैदान सुरू होई. शाळेतल्या विद्यार्थिनी तर असतच, पण शाळा सोडून कॉलेजात गेलेल्या, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या, आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून सायकलीनं येणाऱ्या अशा सगळ्या मुली असत. बाई स्वतः वाकून पांढऱ्या फक्कीनं रेषा मारत. आमचं मैदान लहान, म्हणून सोळाशे मीटरला आठ फेऱ्या. आणि शेवटच्या रेषेला बाईंचा एक नियम होता. रेषा ओलांडली की मोठ्यानं "आलो!" म्हणायचं. ते ऐकल्याशिवाय बाई घड्याळ थांबवत नसत.

मीही साखरेच्या दुखण्यामुळे डॉक्टरांच्या सांगण्यावरून सकाळी तिथं चालायला जाई. एके दिवशी नववीतली एक मुलगी जिवाच्या आकांतानं पळत आली, रेषेपलीकडे पडली आणि धापा टाकत राहिली. घड्याळ चालूच. मी म्हटलं, "अहो बाई, पोचली ती!" बाई म्हणाल्या, "पाय पोचलं. ती आजून पोचली न्हाय." मुलीनं मान वर केली, तर समोर मराठीचे सर. बिचारी घाबरून म्हणाली, "आले!" बाई ओरडल्या, "सरांस्नी बगून पळालीस काय? आलो म्हण!" "आलो," ती म्हणाली आणि घड्याळ थांबलं. माझ्याकडे वळून बाई म्हणाल्या, "तुमच्यामुळं चार सेकंद गेलं तिचं." मला त्या दिवशी वर्गात 'आलो' खोडताना पहिल्यांदा थोडी लाज वाटली. पण खोडलंच, कारण परीक्षेत गुण त्याचे जातात.

बाईंचा आणि माझा खरा संबंध मात्र वर्तमानपत्रामुळे जुळला. 'मात्र' हा शब्द मी इथं सहज लिहून गेलो. बाईंच्या समोर लिहिला असता तर त्यांच्या कपाळाला आठी पडली असती.

त्याचं असं की लष्करात मुलींसाठी काही नवीन झालं की बाई ते पान माझ्यापुढं आणून ठेवत. चष्मा घरी राहिलाय म्हणत, पण तो नेहमीच घरी राहिलेला असे. मी मथळा वाची. "वरचं ऱ्हाऊ द्या," त्या म्हणत, "मात्रच्या म्होरलं वाचा." आणि दर वेळी बातमीत कुठं तरी तो शब्द असेच. मुलींना अधिकारी म्हणून जास्त वर्षं राहता येईल. मात्र प्रत्यक्ष लढणाऱ्या तुकड्या वगळून. लष्करी पोलिसांत मुलींची शिपाई म्हणून भरती. मात्र लढणाऱ्या तुकड्यांसाठी नाही. हवाई दलानं मुलींना लढाऊ विमानं दिली तेव्हा मी आनंदानं वाचून दाखवलं, की बघा, यात 'मात्र' नाही. बाई म्हणाल्या, "झ्याक झालं. पर त्या आबाळात गेल्या. जमिनीवर काय?" जमिनीवर 'मात्र' होतंच. कोर्टाच्या निकालानं बारावीनंतरच्या लष्करी प्रवेशपरीक्षेचं दारही मुलींना उघडलं, त्या दिवशी बाईंनी शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटले, आणि पेढा माझ्या हातावर ठेवताना हळूच विचारलं, "पावणं, शिकून भायेर पडल्यावर पायदळात घेत्यात न्हवं?" मी म्हटलं, "अजून नाही." "मग आर्धाच पेढा खावा," त्या म्हणाल्या. बाई थट्टेत बोलल्या, पण मी खरोखरच अर्धा ठेवला.

एवढी तळमळ कशासाठी हे मला पुष्कळ वर्षं कळलं नव्हतं. बाईंची एक वही असे, कापडी पुठ्ठ्याची, दर वर्षी नवी. तीत पळण्याच्या वेळा. अक्षर मोठं, ठसठशीत. आणि दर वर्षीच्या वहीच्या पहिल्या पानावर तिसरी ओळ कोरी. एक, दोन, मग रिकामी जागा, मग चार. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "तिसरं कोण?" बाई म्हणाल्या, "हाय एक. नोंद न्हाय." साहेबांनी चहा घेतला आणि गेले. मुलींनाही नियम ठाऊक होता, पहिल्या पानाच्या तिसऱ्या ओळीवर लिहायचं नाही. का, ते कुणाला माहीत नव्हतं.

मला ते कळलं एसटीत. कोल्हापूरच्या जिल्हा स्पर्धा आटोपून आम्ही परत येत होतो. मुली एकमेकींच्या खांद्यावर झोपल्या होत्या. जागा असूनही बाई दांडा धरून उभ्या, मी शेजारच्या आसनावर. बिद्री आली, कारखान्याच्या मळीचा वास खिडकीतून आत आला, आणि मी उगाच विचारलं, "बाई, ती तिसरी ओळ कुणाची हो?"

"माझी," त्या म्हणाल्या. मग बिद्री ते गारगोटी एवढ्या वेळात त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत सांगितलेलं बरं.

"मी आठरा वर्साचा हुतो. दादानं, माझ्या थोरल्या भावानं, कागूद दावला, लष्करात भरती हाय, पोस्टानं अर्ज करा. नाव, शिक्षान, उंची, छाती कळवा. दादानं लिवला, मी बी लिवला. कुणास्नी सांगितलं न्हाय. लिवलं, मी धावी पास झालो हाय, मी रोज शेतापासनं तळ्यापतूर पळतो, मी कुणास्नी भीत न्हाय. छातीम्होरं काय लिवावं कळंना. लिवलं, धाडशी. खाली सही, किरण ज्ञानदेव चौगले. म्हैन्याभरानं दोगांस्नी बोलावणं आलं. माझ्या कागदावर 'श्री. किरण'. मला वाटलं, सरकारात सगळ्यांस्नी श्रीच म्हणत आसतील."

मी हसलो, पण त्या हसत नव्हत्या.

"कोल्लापुरात मैदानावर गेलो. दोरी बांदलेली. दोरीपाशी एक सुबेदार हुता, पिकल्या मिशांचा. त्यानं कागूद बगितला, मला बगितलं, परत कागूद बगितला. म्हणाला, पोरी, ह्यात तर 'पळतो' लिवलंय. मी म्हटलो, मग? पळतोच की! तर सगळी हसाय लागली. मला तवा कळंना, ह्यात हसण्यासारखं काय हाय. माझी आई तसंच बोलती, आज्जी तसंच बोलती. आमी काय खोटं लिवलं हुतं?"

"मग?" मी विचारलं.

"सुबेदार भला माणूस. म्हणाला, पळायचं तर पळ, पर नोंद हुणार न्हाय. मी म्हटलो, चालतंय. पळालो. पदर खोचून, आनवाणी. तिसरा आलो, पावणं. दोन पोरं म्होरं, मग मी. दादा माझ्या मागं अकरावा. रेषेवर कारकून बसलेला. त्यानं पैल्याचं नाव लिवलं, दुसऱ्याचं लिवलं. मग माझ्याकडं बगितलं, मान खाली घातली, आन् चौथ्याला तिसरा लिवला."

गाडीत फक्त खिडक्यांच्या काचा वाजत होत्या. माझ्या खिशातलं लाल पेन मला टोचत होतं असं म्हटलं तर ते फार नाटकी होईल, पण ते खिशात आहे याची मला आठवण झाली एवढं खरं.

त्यांचा भाऊ शामराव त्याच भरतीत लागला. तो पायदळात गेला, सरहद्दीवर सुरुंगावर पाय पडला आणि डावा पाय घोट्यापासून गेला. परत आल्यावर त्यानं जयसिंगपूरला खत-बियाणांचं दुकान टाकलं. मी त्याला दोनदा भेटलो. माणूस दिलदार. बहिणीकडे बोट दाखवून मला म्हणाला होता, "पळाली किरणी, आन् भरती झालो मी." तेव्हा मला ती नुसती थट्टा वाटली होती. एसटीतल्या त्या संध्याकाळनंतर तिचा अर्थ लागला.

बाईंच्या हाताखालून पुष्कळ मुली पोलिसात गेल्या, दोघी लष्करी पोलिसांत गेल्या. प्रत्येकीचं त्यांना कौतुक. पण लढणाऱ्या तुकडीत एक तरी आपली मुलगी जावी, तिची नोंद व्हावी, आणि ते आपण नोकरीत असेपर्यंत व्हावं, एवढी एक गोष्ट बाईंना हवी होती. त्या ती बोलून दाखवत नसत. वही बोलत असे.

आणि मग सानिका आली. सानिका खोत, बिद्रीजवळच्या एका गावची. वडील बाळासाहेब कारखान्यात बॉयलरवर. सातवीपासून ती बाईंच्या मैदानावर, पदवी झाली तरी तिथंच. लष्करी अधिकाऱ्यांच्या लेखी परीक्षेत पास झाली आणि भोपाळला पाच दिवसांच्या मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा बाईंनी तिला माझ्याकडे पाठवलं. "जरा बोलाय शिकवा तिला. पर आमची भाषा बिघडवू नका," अशी सूचनाही सोबत. इंग्रजी अडलं की हिंदीत बोलावं लागतं, म्हणून मी पोरीकडून दोन आठवडे घोटून घेतलं: मैं आई हूँ, मैं करूँगी, मैं जाऊँगी. मधे एकदा ती म्हणाली, "सर, त्या तिसऱ्या ओळीचं काय हाय वो?" मी सांगून टाकलं. बाईंनी सांगू नका असं कधी म्हटलं नव्हतं. ऐकून ती वही मिटून निघून गेली.

भोपाळहून आली ती पडलेल्या चेहऱ्यानं. निकाल त्यांनी नंतर कळवू म्हणून सांगितलं होतं. मैदानावर बाईंसमोर उभी राहून म्हणाली, "बाई, घोटाळा झाला. शेवटच्या दिवशी साहेबांनी आत बोलवलं आन् मी दारातनं म्हटलो, 'मैं आ गया, सर.'" मी कपाळावर हात मारला. दोन आठवड्यांची मेहनत दारातच गेली! बाईंनी विचारलं, "मग साहेब काय म्हणाला?" "हसला. म्हणाला, आ गया? मी म्हटलो, सर, हमारे यहाँ सब लोग ऐसेही आते हैं." बाई इतक्या मोठ्यानं हसल्या की पिंपळावरचे कावळे उडाले. "झ्याक बोललीस," म्हणाल्या, "मला तवा एवढं सुचलं न्हवतं." महिन्यानं पत्र आलं. सानिकाची निवड झाली होती आणि ती चेन्नईला प्रशिक्षणाला गेली.

त्याच सुमारास तोफखाना मुलींना अधिकारी म्हणून खुला झाल्याची बातमी आली होती. मी ती बाईंना वाचून दाखवली. मात्रच्या पुढं आता पायदळ आणि रणगाडे एवढंच उरलं होतं. बाई म्हणाल्या, "मात्र बारीक झालं की वो." आणि नेहमीप्रमाणे ते पान घडी करून वहीत ठेवलं.

चेन्नईचं प्रशिक्षण संपत आलं, कुठल्या शाखेत जायचं ते मुलींनी लिहून द्यायची वेळ आली. एका सकाळी बाळासाहेब खोत मैदानाच्या कडेला गाडी लावून उभे राहिले. हेल्मेट हातातच. बाईंजवळ येऊन म्हणाले, "बाई, पोरगी लष्करात गेली, मी आडवा आलो न्हाय. पर तेवढं तोफंबिफंपाशी नको. हापिसातलं काय तरी घे म्हणून सांगा. तुमचं आईकती ती."

बाईंनी मुलींना दोन फेऱ्या जादा सांगितल्या आणि खोतांना बाजूला घेतलं. मी जवळच होतो. बाई म्हणाल्या, "काय हुईत न्हाय म्हणून खोटं सांगू तुमास्नी? हुतंय. माझ्या दादाचा पाय गेलाय."

"म्हणूनच म्हणालोय की, बाई."

"पोरगा आसता तर आला असतासा?"

खोत बराच वेळ हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत राहिले. "जीव तेवढाच तुटला असता," ते म्हणाले. "पर इचारायला आलो नसतो. पोरग्याचं कोण कुणास्नी इचारतंय?"

"व्हय," बाई म्हणाल्या. "खरं बोललासा." मग थांबून म्हणाल्या, "मी तिला तिकडं जा म्हणून सांगणार न्हाय. जाऊ नको म्हणून बी सांगणार न्हाय. तिचं तिनं लिवायचं."

खोत नमस्कार करून गेले. आणि मग बाई पिंपळाच्या पारावर बसल्या. चोवीस वर्षांत मी त्यांना मैदानावर प्रथमच बसलेलं पाहत होतो. मी पाण्याची बाटली पुढं केली. त्या म्हणाल्या, "पावणं, एक फोन केला तर ती तोफखाना लिवंल. माझ्यासाठी लिवंल. मला ठावं हाय." मी म्हटलं, "मग करा की." त्यांनी मान हलवली. "उद्या तिचा पाय गेला तर तो माझ्या हौसंपायी गेला, आसं हुईल. माझी नोंद लावायला मी तिला पळवू?"

त्यांनी फोन केला नाही. आठवडाभर डब्यातली भाकरी तशीच परत जात होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं. ज्या गोष्टीसाठी उभं आयुष्य घातलं ती एका फोनच्या अंतरावर असताना हात आवरून धरायचा, हे मला तरी जमलं नसतं. माणूस म्हणून बाई मला त्या आठवड्यात जेवढ्या मोठ्या वाटल्या तेवढ्या कधी वाटल्या नाहीत.

नंतर सानिकाचाच फोन आला. बाई मैदानाच्या मधोमध उभ्या होत्या. ऐकलं, "बरं" म्हणाल्या, फोन बंद केला. माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "तोफखाना. आन् तिच्या बाला आदी फोन केला म्हणं, मग मला." एवढं बोलून त्या वाकल्या आणि मारलेल्याच रेषेवर पुन्हा फक्की मारायला लागल्या. रेषा वीतभर रुंद झाली.

बाईंच्या निवृत्तीला चार दिवस उरले होते तेव्हा सानिका सुट्टीवर आली. शाळेनं सत्कार ठेवला. व्यासपीठावर हार, नारळ, भाषणं. बाई सगळ्यात मागं भिंतीला टेकून उभ्या. बाळासाहेब खोतांना बोलायला सांगितलं तर ते माइकपाशी जाऊन नुसते रडले आणि खाली आले. मला त्या सगळ्यांतलं तेवढंच लक्षात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा चालायला गेलो. मुलींच्या फेऱ्या संपल्या होत्या. सानिका जुन्याच ट्रॅकसूटमध्ये रेषेपाशी उभी होती, हातात बाईंचं घड्याळ आणि बाईंची वही.

"बाई, आज तुमी पळा," ती म्हणत होती. "येळ मी घेतो."

"नाटकं नकोत," बाई म्हणाल्या. "गुडगा बगितलास काय माझा?"

"नाटक न्हाय, बाई. आठ फेऱ्या हायत. चालत जावा, पर जावा."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना काय समजायचं ते समजलं असावं, कारण तिसऱ्या ओळीचं मी सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. मला वाटलं आता माझी काही धडगत नाही. पण त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली, माझ्या हातात दिली आणि पदर खोचला.

पहिल्या दोन फेऱ्या त्या पळाल्या. तिसरीला उजवा गुडघा धरला. मग चालल्या, मग जरा पळाल्या, मग पुन्हा चालल्या. मुली कडेला उभ्या होत्या. एरवी टाळ्या पिटणाऱ्या, ओरडणाऱ्या पोरी, पण त्या दिवशी एकीनंही आवाज काढला नाही. सातव्या फेरीला ऊन मैदानावर आलं. बाईंचा चेहरा लाल झाला होता आणि त्या खाली पायांकडे पाहत चालल्या होत्या. मी हातातल्या शिट्टीची नाडी बोटाला गुंडाळत होतो आणि सोडत होतो. कधी नव्हे ते मला देवाचं नाव घ्यावंसं वाटलं.

शेवटची रेषा त्यांनी ओलांडली. सानिकानं घड्याळ थांबवलं नाही. ती वाट पाहत होती. बाई कमरेवर हात ठेवून वाकल्या, दोन-तीन श्वास घेतले, मान वर केली आणि म्हणाल्या, "आलो."

आवाज मोठा नव्हता. मैदानाच्या त्या टोकाला नक्कीच गेला नसेल. सानिकानं घड्याळ थांबवलं, वहीचं पहिलं पान उघडलं आणि लिहिलं. बाई म्हणाल्या, "येळ खरी लिव." "खरीच लिवलीय, बाई," ती म्हणाली आणि वही त्यांच्याकडे दिली.

बाईंनी ती लांब धरून पाहिली, मग माझ्या हातात दिली. "चष्मा घरी ऱ्हायलाय. वाचा, पावणं."

मी वाचलं. "तीन. किरण ज्ञानदेव चौगले. आठ फेऱ्या. बावीस मिनिटं अकरा सेकंद. आलो."

"म्होरं?"

"पुढं काही लिहिलेलं दिसत..." इतकं बोलून मी थांबलो.

"मात्र हाय का?"

"न्हाय," मी म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग माझ्या बोटाला गुंडाळलेली शिट्टीची नाडी सोडवून घेतली, शिट्टी सानिकाच्या गळ्यात घातली आणि पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "चला मास्तर, आपल्या गारगोटीचा चा पिऊया." चार दिवसांनी त्या जयसिंगपूरला भावाकडे राहायला गेल्या.